घरगुती मिश्रणं पेट्रोल-डिझेलमध्ये टाकून गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढतं का? कोकणातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून बांद्यापर्यंतच्या गाडीवाल्यांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. पावसाळ्याच्या तोंडावर आणि गणपतीच्या आधी तर जास्तच. साधे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे पुढे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टाकीत घरचं काही मिसळून गाडीचं अ‍ॅव्हरेज खरंच वाढतं का?

नाही. गाडी चालते ती इंधनातल्या उष्णतेवर. चमचाभर किंवा वाटीभर पदार्थात तेवढी उष्णता नसते. यावर एक दावा हमखास केला जातो, की तो पदार्थ स्वतः ताकद देत नाही, पेट्रोल 'पूर्ण जाळायला' मदत करतो. पण आजच्या इंजिनात ९५ ते ९८ टक्के पेट्रोल आधीच जळत असतं. वाया जाते ती उष्णता, रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून, आणि ती कुठल्याही पुडीने अडत नाही.

दुसरी अडचण गाडीच्या संगणकाची, म्हणजे ईसीयूची. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुराची तपासणी करत राहतो आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरल्या जागी आणतो. साध्या पेट्रोलला हे प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल असं असतं, ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण साडेतेरा. तुम्ही टाकलेल्या पदार्थात ऑक्सिजन असला (अल्कोहोल, अ‍ॅसिटोन) तर सेन्सरला मिश्रण पातळ दिसतं आणि ईसीयू उलट जास्त पेट्रोल सोडतो.

२. अ‍ॅसिटोन टाकलं की वीस टक्के अ‍ॅव्हरेज वाढतं म्हणतात. व्हिडिओत दाखवतातही.

हिशेब मांडून बघू. ३५ लिटरच्या टाकीला साधारण ७० मिली, असं या नुस्ख्याचं प्रमाण सांगतात. लिटरभर अ‍ॅसिटोनमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास तीस टक्के कमी ऊर्जा असते. म्हणजे ७० मिली अ‍ॅसिटोन म्हणजे जेमतेम ५० मिली पेट्रोल. लिटरला वीस किलोमीटर देणारी गाडी त्यावर एक किलोमीटर जाईल. वीस टक्के वाढ म्हणजे एका टाकीला १४० किलोमीटर जादा. उरलेले १३९ कुठून येणार?

आता नुकसानीचं. इंधनाच्या वाटेवर वॉशर आणि ओ-रिंग असतात. त्यातल्या बऱ्याच व्हिटॉन नावाच्या रबराच्या असतात. पेट्रोलला हे रबर दाद देत नाही, पण अ‍ॅसिटोनमध्ये फुगतं आणि मऊ पडतं. ७० मिलीने लगेच काही होणार नाही, हे खरं आहे. पण फरक दिसत नाही म्हणून माणूस पुढच्या वेळी २०० मिली टाकतो, मग अर्धा लिटर. ओतताना दोन थेंब बाहेर सांडले की टाकीच्या झाकणाभोवतीचा रंग उठतो. टच-अप केलेला रंग तर कापसाने पुसल्यासारखा निघून येतो. शिवाय अ‍ॅसिटोनची वाफ उणे २० अंशालाही पेट घेते, तेव्हा ते स्वयंपाकघरात मोजायची वस्तू नव्हे. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणारेही आहेत. त्यात पाणी, तेल आणि सुगंध घातलेला असतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

३. कापूर किंवा डांबरगोळ्या?

जुन्या स्कूटरच्या काळापासून चालत आलेली ही समजूत आहे. नॅफ्थॅलीनची चार ग्रॅमची गोळी म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने पाचेक मिली पेट्रोल. गोळी पेट्रोलमध्ये विरघळते, पण पेट्रोल उडून गेलं की तिचे स्फटिक मागे राहतात. कार्बोरेटरच्या जेटमध्ये किंवा इंजेक्टरच्या तोंडाशी ते साचले की गाडी फटफटायला लागते.

खरा धोका वेगळाच आहे. दुकानात मिळणारी प्रत्येक पांढरी गोळी नॅफ्थॅलीनची नसते. मुतारीत टाकायच्या बऱ्याच गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात आणि त्यांचं जवळपास निम्मं वजन क्लोरीनचं. तो जळला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि इंजिनासकट कन्व्हर्टरची (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची) वाट लागते. कापराचं गणितही नॅफ्थॅलीनसारखंच, फक्त तो महाग. तो आरतीला ठेवा.

४. थोडं घासलेट मिसळलं तर? बोटीच्या मशीनला चालतं की.

बोटीच्या मागे लावायचं आउटबोर्ड मशीन घासलेटसाठीच बनवलेलं असू शकतं, कमी कॉम्प्रेशनचं. मोटारीचं इंजिन तसं नसतं. घासलेटचा ऑक्टेन, म्हणजे अकाली न पेटण्याचा गुण, फार खालचा, त्यामुळे ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच ते आपोआप पेटतं आणि चढावर इंजिन टकटक वाजायला लागतं. नॉक सेन्सरच्या हे लक्षात आलं की ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो. मग ताकद जाते आणि अ‍ॅव्हरेजही उतरतं. म्हणजे ज्यासाठी केलं त्याच्याच उलट.

न जळलेलं घासलेट पिस्टनच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी आपोआप वर गेली असेल आणि घासलेटचा वास येत असेल, तर ऑइल पातळ झालं आहे आणि बेअरिंग धोक्यात आहेत.

कायद्याचंही आहे. रेशनचं घासलेट निळं रंगवलेलं असतं, ते भेसळ पकडता यावी म्हणून. गाडीत घासलेट वापरणं हा अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली काढलेल्या १९९३ च्या आदेशाचा भंग आहे.

५. टू-टी ऑइल घातलं की इंजिन 'स्मूथ' होतं, असं मेकॅनिक म्हणतो.

टू-स्ट्रोक मशीनला ते हवंच, कारण त्याला वेगळं इंजिन ऑइल नसतं. मच्छीमार लिटरला साधारण २० मिली, म्हणजे पन्नासास एक, असं घालतात. फोर-स्ट्रोक पेट्रोल गाडीत तेच ऑइल प्लगवर काजळी धरतं, ऑक्सिजन सेन्सर मंद करतं आणि पेट्रोलचा ऑक्टेन खाली खेचतं. होडीचं मिक्स केलेलं कॅन उरलं म्हणून गाडीत ओतलं, हा प्रकार बंदरांच्या गावांत नेहमीचा. पाच लिटरच्या आत असेल तर टाकी पेट्रोलने भरून घ्या, फार बिघडणार नाही. सवय मात्र लावू नका. डिझेल गाडीत टू-टी घालण्याबद्दल प्रश्न ९ च्या शेवटी लिहिलं आहे.

६. पेट्रोलमध्ये इथेनॉल चालतं, मग काजूची फेणी का नाही?

थट्टेने विचारतात, पण दोडामार्ग-सावंतवाडीकडून गंभीरपणेही विचारणा होते. पंपावरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जवळपास पाणीविरहित असतं. फेणी ४२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) तर त्याहून किती तरी पातळ. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाव लिटरहून जास्त पाणी टाकीत जातं. ते इथेनॉलला सोबत ओढून तळाशी बसतं, आणि पेट्रोलचा पंप तळाशीच असतो. गाडी सुरू होईल ती मागच्या पाइपात उरलेल्या पेट्रोलवर, दोन मिनिटांत बंद पडेल. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्के स्पिरिटचंही तेच, त्यात ३० टक्के पाणी.

७. ई२० आल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं. त्यावर काही घरगुती उतारा?

पडणार होतंच. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच हे दिलं आहे: निव्वळ पेट्रोलसाठी बनवून ई१० ला जुळवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेलीचं १ ते २ टक्के. पूर्वी १८ देणारी जुनी गाडी आता १७ देत असेल तर तिच्यात बिघाड नाही. १४ वर आली असेल तर इथेनॉलला दोष देऊन गप्प बसू नका, प्रश्न १४ वाचा.

उताऱ्यांपैकी सगळ्यात घातक म्हणजे पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल 'धुऊन काढणे'. कॅनमध्ये पाणी घालून हलवलं की इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं, हे खरं आहे. पण पेट्रोलचा ऑक्टेन त्याच इथेनॉलच्या जोरावर उभा असतो. ते काढलं की उरलेलं पेट्रोल इंजिनाला ठोके देतं. शिवाय हलवताना कॅनमध्ये वाफेचा दाब साठतो आणि खालचं अल्कोहोल मिसळलेलं पाणी कुठे टाकायचं हा प्रश्न राहतोच. परसातल्या विहिरीशेजारी तर नक्कीच नाही.

८. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. दमट हवेने टाकीत पाणी साचतं का? साचलं तर स्पिरिट टाकावं का?

हवेतून साचतं त्याची भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. ३० अंशाला अगदी तुडुंब दमट हवेतसुद्धा घनमीटरला ३० ग्रॅम वाफ मावते. टाकीत ३० लिटर जागा रिकामी असली तरी त्यातली सगळी वाफ मिळून एक ग्रॅमही नाही. एवढं पाणी ई२० सहज पोटात घेतं. तेव्हा त्यासाठी वेगळं स्पिरिट टाकण्यात अर्थ नाही, इथेनॉल तेच काम करतंय.

पाणी खरं शिरतं ते दुसऱ्या वाटांनी. झाकणाचं रबर चिरलेलं असतं आणि गाडी पागोळ्यांखाली उभी असते. खेड्यातल्या दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घेतलेलं असतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी उतरलेलं असतं. नाहीतर सरळ पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आलेल्यासारख्या पुरात बुडालेल्या गाडीची चावीसुद्धा फिरवू नका.

संशय असेल तर मेकॅनिककडून टाकीच्या तळातलं पाव लिटर काढून काचेच्या पारदर्शक बरणीत वीस मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला किंवा सगळंच दुधी दिसलं तर पाणी आहे. ई२० मध्ये खालचा थर निव्वळ पाण्याचा नसतो, पाणी आणि इथेनॉल मिळून असतो, म्हणून टाकलेल्या पाण्यापेक्षा जास्त जाड दिसतो. उपाय एकच: टाकी उतरवून रिकामी करायची, फिल्टर बदलायचा.

९. डिझेलमध्ये खोबरेल तेल किंवा उंडीचं तेल? घरचंच आहे.

१९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं, हे ऐकून बरेच जण धीर धरतात. ते इंजिन वेगळं होतं. आजच्या कॉमन-रेल गाडीत डिझेल दीड-दोन हजार बार दाबाने केसाएवढ्या भोकांतून फवारलं जातं. खोबरेल ४० अंशालाही डिझेलच्या सहा-सात पट घट्ट असतं. फवारा बारीक होत नाही, थेंब जाड राहतात, पिस्टनवर आणि नोझलच्या तोंडाशी कोळसा धरतो. पौष-माघातल्या पहाटे तर खोबरेल २४ अंशाच्या खाली गोठतंच. न्हाणीघरातली बाटली जशी पांढरी होते तशीच फिल्टरमधली वाट बंद होते.

उंडीच्या कच्च्या तेलात मोकळी आम्लं आणि राळ भरपूर असते. त्यापासून बायोडिझेल होतं, पण आधी आम्लप्रक्रिया, मग मिथेनॉल आणि क्षाराची प्रक्रिया, ग्लिसरीन वेगळं करणं, धुणं, वाळवणं हे सगळं करून. मिथेनॉलची वाफ डोळ्यांवर जाते, घरात करण्याजोगं हे काम नव्हे. आणि सगळं नीट केलं तरी बीएस६ डिझेलच्या मानकात बायोडिझेल ७ टक्क्यांपर्यंतच धरलेलं आहे.

काजूच्या टरफलाचं तेल कुठल्याच प्रमाणात नको. ते हाताची कातडी सोलवतं, तापलं की डिंकासारखं घट्ट होतं. होडीच्या लाकडाला लावायला उत्तम.

टू-टी ऑइल घालणाऱ्यांचं म्हणणं असतं की नवं डिझेल 'कोरडं' आहे, पंप घासतो. सल्फर १० पीपीएमवर आणल्यावर डिझेलचा ओशटपणा कमी झाला, हे खरं आहे. म्हणूनच रिफायनरी वंगणाचं रसायन घालूनच ते विकते आणि त्याची चाचणी मानकातच आहे. वरून तुम्ही घातलेल्या ऑइलची राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, जाऊन बसते. काजळी जाळता येते, राख जळत नाही.

१०. ऑक्टेन वाढवायला थिनर घातला तर चालेल का? आणि महागडं पेट्रोल?

टोल्युईनचा ऑक्टेन मोठा असतो आणि लिटरमागे ऊर्जाही पेट्रोलपेक्षा थोडी जास्त असते. या यादीतला हा एकच पदार्थ ज्याच्या बाजूने काही बोलता येतं. पण ३५ लिटरमध्ये एक लिटर घालून फरक पडतो अर्ध्या टक्क्याच्याही आत, आणि त्याची किंमत पेट्रोलहून जास्त. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर तर निव्वळ टोल्युईन नसतोच. अ‍ॅसिटोन, मिथेनॉल आणि जे हाताशी असेल ते त्यात असतं.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, अकाली न पेटण्याचा गुण. मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलं असेल तर ९५ च्या वरचं पेट्रोल घालून अ‍ॅव्हरेज वाढत नाही. टर्बो गाडीला कंपनीने मागितलं असेल तरच घाला.

११. मग दुकानातल्या बाटल्याही बनवाबनवीच का?

सगळ्या नाहीत. लेबलवर पॉलिइथर अमाइन, म्हणजे पीईए, असं लिहिलेला क्लीनर इंजेक्टरवरचा मळ काढतो. मळाने अ‍ॅव्हरेज पडलं असेल तर पडलं तेवढंच परत येतं. स्वच्छ इंजिनात काही होत नाही. लेबलवरच्या प्रमाणात, टाकी भरताना आणि ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीत घाला, म्हणजे ऑइलमध्ये उतरलेला मळ ऑइलबरोबर निघून जाईल. थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवरचा मळ याने निघत नाही, कारण पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरून जातच नाही. आणि वॉरंटी चालू असेल तर मॅन्युअलमध्ये परवानगी आहे का ते आधी पाहा.

१२. पाण्यापासून हायड्रोजन करणारं किट? पेट्रोलच्या पाइपला चुंबक?

किटला वीज देतो अल्टरनेटर, अल्टरनेटर फिरवतं इंजिन, इंजिन चालतं पेट्रोलवर. प्रत्येक पायरीला तोटा. चुंबकाने काही होत नाही, फ्रिजवर लावा.

१३. पण टाकल्यावर मला फरक जाणवला. पिकअपही सुधारला. ते खोटं कसं?

पाय बदलतो म्हणून. खर्च केलेला माणूस त्या आठवड्यात हळुवार चालवतो आणि डॅशबोर्डवरचा आकडा बघत राहतो. तो आकडा इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून काढलेला अंदाज असतो. टाकीत काय आहे हे त्याला ठाऊक नसतं.

मोजायचंच असेल तर फुल टू फुल मोजा. पंप तोच, नोझल तेच, गाडी उभी करायची जागा आणि दिशा तीच. कोकणातले निम्मे पंप उतारावर आहेत, गाडीचं तोंड फिरलं तरी टाकीत कमीजास्त मावतं. नोझल पहिल्यांदा बंद पडलं की थांबा, 'साहेब, राउंड फिगर करू?' याला नाही म्हणा. टायरची हवा दर वेळी थंड टायरला तपासा.

भरण्यात अर्ध्या लिटरची चूक सहज होते. २० लिटर पेट्रोलवर ती अडीच टक्के झाली. म्हणजे एका टाकीत तीन टक्क्यांचा फरक दिसला तर तो नुसता नोझलचाही असू शकतो. म्हणून तीन टाक्या काही न घालता, तीन टाक्या घालून, आणि पुन्हा तीन टाक्या न घालता. शेवटच्या तीन कुणी मोजत नाही, आणि तिथेच दावा पडतो, कारण आकडा 'सुधारलेला'च राहतो. ऋतू बदललेला असतो, एसी कमी लागत असतो. जमलं तर बाटली घरातल्या दुसऱ्याला भरायला सांगा, चालवणाऱ्याला कळू देऊ नका.

जाऊन-येऊन एकाच रस्त्याने मोजा. माणसांसकट १३०० किलोची गाडी सावंतवाडीहून आंबोलीला चढवायला, नुसत्या उंचीपोटी, पाऊण ते एक लिटर पेट्रोल जातं. एकीकडचा आकडा घेऊन कुणी जिंकतं, कुणी हरतं.

१४. मग माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलंय कशाने?

किनाऱ्याजवळच्या गाड्यांत पहिला संशय ब्रेकवर घ्या. खाऱ्या हवेने कॅलिपरच्या पिना गंजतात, गाडी हँडब्रेक लावून महिनाभर उभी राहिली की मागचे शू ड्रमला धरून बसतात. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारून जा, गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर ते धरतंय. यापुढे गाडी उभी करताना गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे चिऱ्याचा तुकडा लावा, हँडब्रेक सोडून द्या.

मग टायर. हवा १ पीएसआय कमी असली की साधारण ०.२ टक्के अ‍ॅव्हरेज जातं. ३३ च्या जागी २५ असेल तर दीड टक्का. थोडा वाटतो, पण कुठल्याही पुडीपेक्षा खात्रीचा आणि फुकट. खड्ड्यांतून आल्यावर अलाइनमेंट बिघडलं असेल तर टायरची एकच कड घासलेली दिसेल.

जेट्टीवरची रांग कुणी हिशेबात धरत नाही. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडले फेरीसाठी एसी लावून तासभर थांबलात की साधारण एक लिटर गेलं, म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर.

थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर इंजिन तापत नाही आणि ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो. तापमानाचा काटा वीस मिनिटांनीही खालीच असेल तर हेच. ऑक्सिजन सेन्सर मंदावला असेल तर स्कॅनरवर कळतं. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर बॉनेट उघडून पाइप बघा, उंदरांनी कुरतडलेला असू शकतो. तेव्हा गाडी सुरू करू नका.

एअर फिल्टरला उगाच बदनाम करतात. जांभ्याच्या लाल धुळीने तो लवकर भरतो आणि बदलायलाच हवा, पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत त्याने ताकद कमी होते, अ‍ॅव्हरेज फारसं नाही.

१५. गाडी गावी उभी असते, शिमगा आणि गणपतीलाच निघते. टाकीत काही घालून ठेवावं का?

घरचं काही नको. टाकी पाऊणच्या वर भरून ठेवा आणि झाकणाचं रबर बघा. दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कारखान्यात बनलेला फ्युएल स्टॅबिलायझर चालतो, पण तो ताज्या पेट्रोलमध्येच घालायचा आणि मग दहा मिनिटं इंजिन चालवायचं, म्हणजे इंजेक्टरपर्यंत पोचतो. शिळ्या पेट्रोलला तो ताजं करत नाही. गावात कुणी चावी सांभाळत असेल तर पंधरवड्याने वीसेक मिनिटं गाडी चालवलेली सगळ्यात बरी. नुसती जागेवर सुरू करून बंद करू नये.

१६. आधीच टाकून बसलोय. आता?

अ‍ॅसिटोन किंवा थिनर १०० मिलीच्या आत असेल तर टाकी भरा आणि चालवा, पुन्हा घालू नका. घासलेट लिटरभराच्या वर गेलं असेल तर टाकी रिकामी करा, तोवर रेस देऊ नका, मग इंजिन ऑइल तपासा. पाणी असलेलं काहीही (फेणी, स्पिरिट) गेलं असेल तर गाडी सुरूच करू नका, टो करून न्या. डिझेलमध्ये ४० लिटरला लिटरभर खोबरेल गेलं असेल तर टाकी डिझेलने भरून वापरा आणि फिल्टर बदला, त्याहून जास्त असेल तर काढून टाका. डांबरगोळ्या न विरघळलेल्या असतील तर टाकी उतरवूनच काढाव्या लागतात.

इंजिनाचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून घ्या. पी०३०० म्हणजे मिसफायर, पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. दिवा लुकलुकत असेल तर चालवत राहू नका, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वितळवतो. मेकॅनिकला काय टाकलं ते सांगा. लाजून लपवलं तर तो भलतेच पार्ट बदलत बसतो आणि बिल तुमचंच वाढतं.

१७. माझी गाडी जुनी, कार्बोरेटरची. तिला तरी चालेल?

तिच्यात ईसीयू नाही, त्यामुळे मिश्रण पातळ झालं तर ते पातळच राहतं. इंजिन गरम चालतं, व्हॉल्व्ह भाजतात. नुसत्या इथेनॉलनेही जुने रबरी पाइप आणि फ्लोटचं पॅकिंग फुगतं. तिथे पैसे इथेनॉलला टिकणाऱ्या पाइपांवर घाला. जेट साफ करा, ट्यूनिंग करून घ्या. जुन्या प्रीचेंबरच्या डिझेल इंजिनाला गाळलेलं वनस्पती तेल थोडंफार सोसतं, हा एक अपवाद खरा आहे. पण त्यातही इंजिन तापल्यावरच, आणि बंद करण्याआधी निव्वळ डिझेलवर आणून. त्यासाठी दोन टाक्यांची व्यवस्था लागते. नुसतं टाकीत मिसळून ते होत नाही.

१८. बीएस६ डिझेल गाडीला लागणारं डीईएफ (धूर स्वच्छ करणारा युरियाचा द्रव) शेतीच्या युरियापासून घरी बनवता येईल का?

ते इंधनात घालायचं नसतं, अ‍ॅव्हरेजशीही त्याचा संबंध नाही. त्याची टाकी वेगळी असते आणि ते सायलेन्सरच्या वाटेत फवारलं जातं. ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी, एवढंच त्यात असतं, म्हणून सोपं वाटतं. शेतीचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा थर दिलेलाच येतो. तो थर, युरियातलं बाययुरेट आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार कॅटॅलिस्टवर आणि फवाऱ्याच्या तोंडाशी बसतात. बऱ्याच गाड्यांत दर्जा तपासणारा सेन्सर असतो. त्याला द्रव पटला नाही की डॅशबोर्डवर उरलेल्या किलोमीटरची उलटी मोजणी सुरू होते, आणि ती संपली की गाडी पुन्हा सुरू होत नाही.

असं काही भरलं गेलं असेल, किंवा डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत गेलं असेल, तर चावी 'ऑन'लाही नेऊ नका. चावी फिरली की पंप तो द्रव पुढे ढकलतो, आणि मग नुसती टाकी धुऊन भागत नाही, पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं उघडावं लागतं. घाईत चूक होते ती दोन झाकणं शेजारी शेजारी असलेल्या गाड्यांत. त्यात निळं झाकण डीईएफचं.